देल्फिनाची दोरी

गाठ मारताना माझ्या भावजयीच्या जिभेचं टोक ओठांबाहेर येतं. रोज सकाळी, चूल पेटवायच्याही आधी, ती दोन्ही पोरींच्या कमरेला दोरी बांधायची. थोरल्या नेलिदाची लाल, धाकट्या सुल्माची निळी. दोऱ्यांची दुसरी टोकं झोपडीच्या खांबाला. बांधून झालं की ओढून बघायची, परत एकदा ओढून बघायची, आणि मग कुठे तिच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघायचा.

दोरीची लांबी तिने स्वतः ठरवली होती. पोर कुठल्याही बाजूला कितीही जोरात धावलं तरी काठाच्या एक हात अलीकडे थांबलंच पाहिजे. काठापलीकडे सगळं तितिकाका सरोवराचं पाणी. आमचं बेट म्हणजे लव्हाळ्याच्या मुळांचे मोठाले ठोकळे एकमेकांना जखडलेले आणि त्यांवर लव्हाळ्याचेच थर अंथरलेले. खालचं कुजत जातं, वरून आम्ही नवं घालत राहतो. अशा बेटावर एक झोपडी माझी, एक माझा धाकटा भाऊ इलारिओ आणि देल्फिना यांची, एक म्हाताऱ्या तिबुर्सिओची आणि एक स्वयंपाकाची. एवढाच आमचा गाव.

मूल रांगायला लागलं की त्याला दोरीने बांधायचं यात आमच्याकडे काही नवल नाही. मी बांधलेली होते, इलारिओही होता. पण मूल चार वर्षांचं झालं, पाय कुठे नुसता दबतो आणि कुठे रुततो हे त्याच्या तळव्यांना कळायला लागलं, की दोरी सुटते. नेलिदा सहाची झाली तरी तिची सुटेना. जाणाऱ्या-येणाऱ्या होड्यांतून बायका ओरडायच्या, "काय गं देल्फिना, पोरगी पाळलीयस की मेंढी?"

ती मेंढ्यांच्या गावची, हे त्यांना ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या डोंगरात तिचं माहेर. बटाटे द्यायचे आणि मासे घ्यायचे म्हणून ती बाजारात यायची, तिथे आमच्या इलारिओने मापात जास्तीचे मासे घालायला सुरुवात केली. इतके, की एक दिवस मीच त्याला म्हटलं, "अरे, हिला घरीच आण, स्वस्त पडेल." लग्नात तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाण्यावर मुलगी देऊ नये म्हणतात. मी देतेय. सांभाळा." मी हसले होते. मला वाटलं, मुलीच्या आया असंच बोलतात.

नेलिदा दीड वर्षाची असताना एकदा डोकं खाली, पाय वर अशी काठावरून गेली. इलारिओ शेजारीच जाळं दुरुस्त करत बसला होता, म्हणून तेवढ्यापुरती तिची दोरी सोडलेली होती. त्याने हातातलं जाळं न सोडता दुसऱ्या हाताने तिचा पाय धरला आणि वर उपसली. पोरगी शिंकली आणि खुदकन हसली. आम्ही सगळेच हसलो. देल्फिना हसली नाही. ती आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नवी लाल दोरी होती.

तेव्हापासून तिचा जीव कायम टांगणीला. साधा मासा उडाला तरी ही हातातलं टाकून धावायची. वारा सुटला की घाबरायची, वारा पडला की जास्त घाबरायची. चूल दगडी फरशीवर असते, तरी ठिणगी उडेल आणि लव्हाळं पेटेल म्हणून बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. आणि दिवसभर तिची हाक.

"नेलिदा?"

"आहे!"

"सुल्मा?"

"आहे!"

पाखरांनी ओरडावं तसं हे चालायचं, उन्हं वर येण्यापासून ते मावळेपर्यंत. माझे तर कान किटले होते. एकदा मी म्हटलं, "अगं, आहेत त्या. जातील कुठे? उडून?"

"वन्सं, तुम्हाला नाही कळणार," ती म्हणाली. "तुम्ही इथल्याच."

पोरी मात्र अशा, की दोरी बांधल्याने त्यांचं काही अडलं असेल तर शपथ. बांधलेल्या होत्या म्हणून दुप्पट ऊत आला होता. दोघींनी उलटसुलट फेऱ्या मारून दोऱ्यांची वेणी घालायची आणि मग "सोडव, सोडव" म्हणून आईच्या नावाने बोंब. आईने हाक मारली की नेलिदाने सुल्माच्या आवाजात "आहे" म्हणायचं, सुल्माने नेलिदाच्या. जेवताना मोठा बटाटा कुणाचा यावरून केस ओढायचे, आणि जरा कुणी एकीला रागावलं की दुसरी तिच्यापुढे कोंबडीसारखी अंग फुगवून उभी. एक दिवस तिबुर्सिओ आजोबा उन्हात खांबाला टेकून झोपले होते. दोघी त्यांच्याभोवती इतक्या फिरल्या, इतक्या फिरल्या, की म्हातारा उठला तेव्हा त्याला हातही हलवता येईना.

"इलारिओ," ते तिथूनच म्हणाले, "मी काय अपराध केला रे?"

देल्फिना धावत आली. मला वाटलं आता पोरींना धपाटे बसणार. तिने आधी दोन्ही गाठी तपासल्या, मग म्हाताऱ्याला सोडवलं.

याच आजोबांनी पोरींना एक लंगडं बदक आणून दिलं होतं. पोरींनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याच्या पायाला दोरी बांधली. का, तर आम्हाला बांधतात म्हणून. बदक काठावरून पाण्यात गेलं, बुडी मारली आणि वर येईचना. नेलिदा होती नव्हती ती ताकद लावून दोरी ओढायला लागली. दोरी घट्ट, बदक नाही. पोरीने भोकाड पसरलं.

"ओढू नकोस गं, वेडाबाई," तिबुर्सिओ आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले. "तू ओढतेस म्हणून ते बेटाखाली घुसतंय. वर काय आहे त्याच्या? बेट! ढील दे. वर यायला त्याला मोकळं पाणी लागतं."

नेलिदाने रडत रडत हात उघडला. दोरी सरसर गेली, आणि थोड्या अंतरावर बदक वर आलं, पंख झाडून आम्हा सगळ्यांना शिव्या घालायला लागलं. सुल्मा टाळ्या पिटत होती. देल्फिना तेव्हा स्वयंपाकाच्या झोपडीत होती. तिला फक्त पोरीच्या भिजलेल्या बाह्या दिसल्या, आणि त्यावरून तिने दोघींना सोलून काढलं.

मग शाळेचं निघालं. शाळाही पाण्यावरच, आमच्याकडून दिसते एवढ्या अंतरावर. मार्चमध्ये वर्ग सुरू व्हायचे होते. गुरुजी स्वतः होडीतून सांगायला आले. "मुलीचं नाव घातलंय. सकाळी होडी येईल, दुपारी आणून सोडेल."

देल्फिनाने विचारलं, "तिथे दोरी बांधायला खांब आहे का?"

गुरुजी मोठ्याने हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

"अगं, मी पण त्याच शाळेत गेलो," इलारिओ म्हणाला.

"म्हणून तर!" ती म्हणाली.

इलारिओ तसा मऊ माणूस. पण या वेळी त्याने ठरवलंच. शाळेच्या पहिल्या दिवशी लाल दोरी सुटणार, आणि परत बांधायची नाही. देल्फिना हो म्हणाली. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. बटाटा सोलून हातात धरायची आणि तो तसाच गार व्हायचा. नेलिदा शिंकली तरी म्हणायची, "हिला बरं वाटत नाहीये, पुढच्या वर्षी पाठवू." मी तिला बोलायचं ते बोललेच. "तुझ्या भीतीपायी पोर अडाणी ठेवणार आहेस का?" ती काठाकडे बघत होती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इलारिओ आणि मी किनाऱ्यावरच्या पुनो शहराच्या बाजाराला गेलो होतो. परतलो तेव्हा होडी लागते तो कोपरा सोडून त्या बाजूचा सगळा काठ हिरवागार, ताज्या लव्हाळ्याने भरलेला. भारेच्या भारे अंथरले होते तिने. हाताला चिरा पडल्या होत्या.

"वा! लेकीसाठी गादी घातलीस की," मी म्हटलं.

ती कितीतरी दिवसांनी हसली. "आता काठ लांब गेला ना," ती म्हणाली.

मला वाटलं, जुन्यावर नवं घातलंय. इलारिओलाही तेच वाटलं. आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही दुसरं काही आलं नसतं, कारण लव्हाळं घालायचं ते मुळांच्या ठोकळ्यांवर, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. देल्फिनाने ठोकळ्यांच्या पुढे, उघड्या पाण्यावर अंथरलं होतं. जाड घातलं होतं, म्हणून तरंगत होतं. जमिनीवरच्या माणसाला जिथे जमीन दिसते तिथे जमीन असते. तिला पाणी पोरींपासून एक हात लांब ढकलायचं होतं, आणि दिसायला तर ते गेलंही होतं. आणि काठ लांब गेलाच आहे तर धाकटीला बहिणीची होडी नीट बघता यावी, म्हणून निळी दोरीही तिने चांगली सैल केली.

सकाळी इलारिओ लवकर मासेमारीला गेला. नेलिदाला पांढरा सदरा घातला, वेण्यांना लोकरीचे गोंडे बांधले. मग देल्फिनाने लाल दोरीची गाठ सोडायला घेतली. तिला ती काही केल्या सुटेना, शेवटी मी पुढे झाले. दोरी खाली पडली. नेलिदा जागची हलेना. कमरेवर, दोरी असायची तिथे, दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"मोकळं वाटतंय का गं?" मी विचारलं.

"पोट दुखतंय," ती म्हणाली.

होडी आली. आत आठ-दहा पोरं कलकलाट करत होती. होडीवाल्याने कोपऱ्यावर, नेहमीच्या जागी होडी लावायला घेतली. मी नेलिदाचा हात धरून तिकडे निघाले. देल्फिना खांबापाशीच उभी होती, तिची नजर थोरलीच्या पावलांवर. आणि मागून सुल्मा किंचाळली, "मी पण!"

ती कोपऱ्याकडे आली नाही. सरळ होडीकडे धावली, ताज्या हिरव्या काठावरून. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. लव्हाळं बाजूला झालं आणि परत मिटलं.

"नेलिदा?" देल्फिनाने सवयीने हाक मारली.

"आहे!"

"सुल्मा?"

मी वळून पाहिलं. खांबापासून निघालेली निळी दोरी सरळ जाऊन हिरव्या काठात शिरत होती, आणि पोर कुठेच नव्हतं.

देल्फिनाने झेप घेऊन दोरी धरली आणि ओढायला लागली. मी धावले, दुसऱ्याच पावलाला माझा पाय मांडीपर्यंत आत गेला, आणि खाली काहीच लागलं नाही. तेव्हा मला कळलं तिने काय केलंय. मी पालथी पडले, मागे सरकले. दोरी नवं लव्हाळं कापत कापत मागे आली होती आणि आता ती मुळांच्या ठोकळ्याच्या कडेवरून सरळ खाली जात होती. पोर खाली होतं, डोक्यावर आईने अंथरलेली गादी, आणि आई तिला बेटाकडे खेचत होती.

तिच्या अंगात डोंगरातली ताकद. टाच रोवून, दात आवळून ओढत होती. दोरी येत नव्हती.

"आई, ओढू नकोस!" नेलिदा कोपऱ्याकडून तिच्याकडे धावली. "ढील दे! बदकासारखं! आई, ती खाली अडकलीय, ढील दे!"

देल्फिनाला काही ऐकू येत नव्हतं. नेलिदा तिच्या हाताला लटकली. तरी नाही. शेवटी पोरीने आईच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

देल्फिनाने खाली पाहिलं. मला तिचा चेहरा दिसत होता, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मीही ओरडले, "सोड, देल्फिना! सोड!" ती एकदा थोरलीकडे बघत होती, एकदा दोरीकडे. साडेचार वर्षं तिने ज्याच्या भरवशावर श्वास घेतला होता ते तिच्या मुठीत होतं, आणि आम्ही तिला ते सोड म्हणत होतो.

तिने दोन्ही हात उघडले.

दोरी सुर्रकन पाण्यात गेली. मग काही नाही. हिरवं लव्हाळं नुसतं डुलत होतं. देल्फिनाचे हात तसेच पुढे उघडे होते. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, मला एकही नाव आठवेना.

"ते बघा!" होडीतलं कुणीतरी ओरडलं.

लव्हाळ्याच्या पुढे, मोकळ्या पाण्यात, सुल्माचा लाल घागरा हवेने फुगून वर आला. पाठोपाठ एक वेणी. होडीवाल्याने वाकून वेणी धरली, मग दंड, आणि पोर उचलून होडीत घातली. निळी पडली होती. त्याने तिला पालथी केली, पाठीत थापा मारल्या. पाणी आलं, आणखी पाणी आलं, आणि मग ती रडली. एवढा मोठ्याने गळा काढला की सगळ्या बेटांवर ऐकू गेला असेल.

होडी कोपऱ्याला लागली. देल्फिनाने पोर कडेवर घेतली. सुल्मा कुडकुडत होती, ओठ काळे पडले होते, तरी आईच्या तोंडाकडे रागाने बघत म्हणाली, "माझी दोरी कुणी सोडली?"

"मी गं," देल्फिना म्हणाली. "मी सोडली." आणि मग जी रडायला बसली ती काही थांबेना.

त्या दिवशी शाळा कसली. पोरीला माझ्या सगळ्या पांघरुणांत गुंडाळून चुलीपाशी ठेवली, गरम सूप पाजलं. तिबुर्सिओ आजोबांनी नव्या काठात काठी खुपसून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "पाण्यावर अंथरूण घालतात का कुणी?" बस, एवढंच. इलारिओ परतला, त्याला सगळं सांगितलं, तो बायकोजवळ जाऊन नुसता बसला. मला वाटलं, आता लाल दोरी परत बांधली जाणार. बांधली असती तरी मी तिला काही बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी होडी आली. देल्फिनाने नेलिदाच्या वेण्यांना गोंडे बांधले आणि तिला कोपऱ्यापर्यंत स्वतः घेऊन गेली. तिथे पोरीची बाही तिच्या मुठीत राहिली. होडीवाला थांबला. नेलिदा आईकडे बघत राहिली. चाव्याची खूण मनगटावर चांगली उमटली होती. मग बाही सुटली. होडी दूर जाईपर्यंत देल्फिना हाका मारत राहिली, "नेलिदा?" आणि पाण्यावरून उत्तर येत राहिलं, "आहे!" पुढे पुढे नुसता आवाज, शब्द नाही.

मग तिने बाह्या सरसावल्या आणि घातलेलं सगळं नवं लव्हाळं उपसून काढलं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "मीच घातलंय, मीच काढते." भारे ओले होऊन जड झाले होते. काढता काढता पाणी होतं तिथे परत आलं, खऱ्या काठापर्यंत. ते सगळं झाल्यावर ती त्या काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. इतक्या वर्षांत मी तिला तिथे कधी बसलेली पाहिली नव्हती. सुल्माची निळी दोरी तिने खांबाऐवजी स्वतःच्या कमरेला बांधली होती. सुल्मा तीन वर्षांची, तिला बांधायलाच हवी होती. बदकाला लव्हाळ्याचे कोवळे कोंब भरवत ती मागे बसली होती.

"वन्सं," देल्फिना शाळेच्या दिशेने बघत म्हणाली, "तुम्हाला पोहता येतं?"

"नाही गं. इथे कुणाला येतं? पाणी बर्फासारखं, शिकणार कोण?"

ती गर्रकन वळली. "इलारिओला?"

"त्यालाही नाही. आजोबांनाही नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी फार वाईट सांगितल्यासारखी. "मग तुम्ही सगळे हसता कसे? तुम्हाला भीती नाही वाटत?"

मी तिला टोमणा मारणार होते, तोंडापर्यंत आला होता. तो मागे गेला. "वाटते की," मी म्हटलं. "रोज वाटते."

देल्फिनाने ओल्या घागऱ्याचा घोळ आवरला, जरा बाजूला सरकली आणि काठावर माझ्यासाठी जागा केली.